बाबा निघालेत

प्रिय एमना,

फोनच करणार होते. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि जेवढं बोलू देतेस तेवढं काही महिन्यांनी टीव्हीवर दिसतं, तेही दुसऱ्याच बाईच्या तोंडून. म्हणून लिहायला बसलेय. हे वापरलंस तर निदान माझ्या शब्दांत वापरशील. तब्येत बरी आहे. गुडघा होता तसाच आहे आणि लिफ्ट पुन्हा बंद आहे, म्हणजे मार्सेयमध्ये सगळं सुरळीत आहे असं समज.

आधी भांडण उरकून घेते, मग बाकीचं. तुझ्या मालिकेतली ती हबीबा, म्हणजे मी, दाराला पेला लावून लेकीचं फोनवरचं बोलणं ऐकते. एमना, मी आयुष्यात कधी दाराला पेला लावलेला नाही. आपल्या भिंती अशा आहेत की शेजारच्या तावूसमावशीला शिंक आली तर मी इकडून 'देव भलं करो' म्हणते, आणि ती तिकडून 'तुझंही' म्हणते. पेला लागतोच कशाला? दुसरं, तो गॅसवाला. हबीबा मीटर बघायला आलेल्या मुलाला सोफ्यावर बसवते, खजुराचे मकरूद खायला घालते, पगार विचारते आणि आत जाऊन लेकीला केस विंचरायला लावते. खरं काय झालं होतं ते तुला माहीत आहे. मी त्याला एवढंच विचारलं होतं, 'आई आहे का रे बाबा तुझी?' माणसाने माणसाची विचारपूस करायची नाही का? मकरूद ईदचे उरले होते म्हणून दिले. आणि केस तू खरंच विंचरले नव्हतेस.

झालं भांडण. आता बाजारातली बातमी. परवा नोआयच्या बाजारात गेले, तर ऑलिव्हवाला दुरूनच ओरडला, "काय हबीबा, मिळाला का जावई?" सगळा बाजार माझ्याकडे वळून बघायला लागला. मी म्हटलं, "मिळाला होता, पण तुझ्यासारखा वजनात मारणारा निघाला, परत धाडला." लोक असे हसले की त्याला मूठभर ऑलिव्ह वर घालावे लागले. आता प्रत्येक खेपेला घालतो. तुझ्या भावाचे मात्र हाल आहेत. हातेमची बस थांब्यावर जरा उशिरा आली की शाळेची पोरं एका सुरात ओरडतात, "बाबा निघालेत!" तो आरशातून डोळे वटारतो, त्यावर ती आणखी हसतात. मागच्या आठवड्यात तर त्याच्या साहेबाने उशिराचं कारण विचारलं आणि हा काही बोलायच्या आत शेजारच्या टेबलवरचा म्हणाला, "साहेब, तो निघालाय, पोहोचेलच." तुझी ती एक ओळ अख्ख्या शहराच्या तोंडी बसलीय. सगळे जेवायला बसलेत, एक खुर्ची रिकामी, फोन वाजतो, हबीबा उचलते, "हो, हो" करते आणि सगळ्यांना सांगते, "बाबा निघालेत, पोहोचतीलच. तुम्ही सुरू करा." दर भागात. आणि बाबा काही येत नाहीत. कधी विमान चुकतं, कधी बोट, कधी ते विमानतळावर कोणाला तरी रस्ता दाखवत बसतात. लोकांना हसून हसून पुरेवाट होते.

तू मालिका लिहितेस म्हणालीस तेव्हा मला वाटलं होतं, कोण बघणार? टीव्हीवर आपल्या वस्तीची माणसं दिसली की समजावं, कुठेतरी गाडी जळाली. पहिला भाग लागला त्या गुरुवारी तावूसमावशी माझ्याकडे आली होती. आपल्यासारखाच जिना टीव्हीवर दिसला, तसाच रंग उडालेला. आम्ही दोघी श्वास धरून बसलो, की आता पोलीस चढणार. पण पोलीस चढले नाहीत. एक बाई भलामोठा भोपळा पोटाशी धरून चढत होती, मजल्यामजल्यावर थांबून लिफ्टवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत होती. तावूस म्हणाली, "बेया, ही तर तूच!" मी म्हटलं, "मी एवढी जाड नाही." पण खरं सांगते, मला तेव्हा काय वाटलं ते कोणाला सांगितलं नाही. पंचेचाळीस वर्षं मी हा जिना चढतेय, आणि कोणीतरी पहिल्यांदा तो चढण्यासारखा आहे म्हणून दाखवला.

तू माझ्याकडे परत राहायला आलीस ते वर्ष आठवतं मला. दाताच्या डॉक्टरकडची नोकरी गेली होती, कारण तू पेशंटना हसवायचीस, आणि तोंडात सुई असताना हसणं बरं नसतं. त्याच्या आधी नौफेलशी ठरलेलं लग्न मोडलंस. हॉल ठरला होता, माझ्या बहिणींनी कपडे शिवले होते, आणि तू मोडलंस, का तर त्याने विचारलं, "लग्नानंतर हे स्टेजवरचं बंद करशील ना?" मी तुला तेव्हा काय काय बोलले ते सगळं तू मालिकेत घातलंयस. "सदतिशीला आलीस, तुझ्या बरोबरीच्यांची पोरं दाढी करायला लागली." हो, म्हणाले होते. आजही म्हणेन. आईने बोलायचं नाही तर काय गॅसवाल्याने बोलायचं? पण तू रोज त्या तळघरातल्या बारमध्ये जायचीस, दहा-पंधरा माणसांसमोर विनोद सांगायला उभी राहायचीस, त्यातली निम्मी तुझ्याकडे पाठ करून बसलेली. घरी येऊन फ्रीजमधली मुलोखियाची भाजी थंडच खायचीस. मला वाटायचं, आता रडेल. तू रडायची नाहीस. चमचा हातात धरून तीच एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणून बघायचीस, जी तिथे पडली होती. कधी अशी, कधी तशी. मला वाटायचं, ही पोर माझ्यावर गेलीय.

आता हातेमचं. तिसऱ्या भागाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाव घेऊन आला आणि माझे डोळे बघितले. सुजले होते. आदल्या संध्याकाळी मी तो भाग अर्ध्यातच बंद केला होता; तावूस रुसून घरी गेली होती. हातेमने विचारलं, "आई, एमनाच्या मालिकेमुळे ना?" मी म्हटलं, "हो." खोटं नव्हतं ते. पण पुढचं सांगायला तोंड उघडेना, आणि तुझ्या भावाने जे समजायचं ते समजून घेतलं. त्याने तुला फोन केला, त्याने मोख्तारमामाला फोन केला, आणि काय काय सांगितलं असेल ते मला आता कळतंय. त्याला बोलू नकोस. त्याने आईचे डोळे बघितले. साधा आहे तो.

मोख्तारमामाला तर निमित्तच हवं होतं. समुद्रापलीकडे स्फाक्समध्येही लोक फोनवर तुझे तुकडे बघतात, आणि त्याच्या धाकट्या सुनेच्या माहेरी जेवताना कोणीतरी म्हणालं, "बाबा निघालेत का?" त्याचा घास घशात अडकला म्हणे. गेल्या रविवारी दारात हजर. एका हातात ऑलिव्ह तेलाचा डबा, दुसऱ्या हातात काठी, आणि चेहरा असा, जणू अजून कस्टममध्ये नोकरीलाच आहे आणि माझी बॅग उघडायला आलाय. मी माशाचं कुसकुस केलं होतं. काही झालं तरी भाऊ आहे. हातेम होता, तावूस होती. तावूसला मामाने दोनदा सुचवलं की हे घरचं बोलणं आहे. ती म्हणाली, "मी भिंतीतून ऐकतेच, इथे बसून ऐकलं तर निदान गरम जेवेन."

जेवण निम्मं होईपर्यंत तो तेलाबद्दल, पावसाबद्दल बोलला. मग चमचा खाली ठेवला. "बेया, तुझ्या लेकीने आपली अब्रू वेशीवर टांगली. एक बिनलग्नाची बाई, स्वतःच्या आईची थट्टा करून पोट भरते. बापाची थट्टा करते. दुसरं पर्व यायच्या आत हे थांबलं पाहिजे." हातेम ताटाकडे बघत होता. मामा पुढे म्हणाला, "मी विचार करून आलोय. तू काही करायचं नाही. हातेम फोन धरेल, तू त्यात एवढंच बोल: हे आमचं घर नव्हे. आमच्या घरात सगळं रीतसर आहे. माझे यजमान कामानिमित्त स्फाक्सला असतात, येऊन-जाऊन असतात. एवढंच. आपण ते सगळ्या नातेवाइकांना पाठवू. तोंडं बंद होतील." आणि वर म्हणाला, "या घरात पुरुषमाणूस असता तर ही वेळच आली नसती."

एमना, मी खरंच उठले. हात धुतले, डोक्यावरचा रुमाल नीट केला. हातेमने फोन धरला. मामाने मान हलवली, म्हणजे सुरू कर. लहानपणापासून तो मला असाच मान हलवून सांगत आलाय, आता बस, आता ऊठ, आता रडणं पुरे. आणि मी बोलायला लागले.

मी म्हटलं, मी बेया. सालहची मुलगी, माहदिया गावची. माझा मोठा भाऊ मोख्तार इथे समोर बसलाय आणि त्याने मला सांगितलंय की यजमान स्फाक्सला कामानिमित्त असतात असं सांग. तर सांगते. ताहर स्फाक्सला असतो हे खरं. त्याच्या बायकोबरोबर असतो. मी त्याची बायको नाही. तीसेक वर्षं झाली, नाही. मामा ओरडला, "बंद कर तो फोन!" हातेम फोन तसाच धरून मामाकडे वळला. तावूस म्हणाली, "धर रे नीट, हलतंय." मी बोलत राहिले. मी म्हटलं, त्या उन्हाळ्यात मी पोरांना घेऊन माहदियाला गेले होते. गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. मोख्तार वर आला आणि म्हणाला, ताहरने कोर्टातून सोडचिठ्ठी घेतली, भागीदाराच्या मुलीशी लग्न करतोय. कोर्टाचं सगळं मोख्तारने परस्पर बघितलं होतं, मला नुसता निकाल कळवला. ताहर स्वतः सांगायला आला नाही. त्याला लोक वाईट म्हणतील, मी म्हणत नाही. तो भित्रा आहे. आणि मोख्तार मला म्हणाला, "तोंडाला कुलूप लाव. एमना मोठी होतेय. टाकलेल्या बाईची पोर कोण करून घेईल?" म्हणून मी कुलूप लावलं. पोरांना सांगितलं, हंगाम संपला की बाबा येतील. शेजारणींना सांगितलं, धंदा वाढलाय. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी डेगच्या ढवळत होते तिथल्या बायकांनाही तेच. जिच्या लग्नासाठी हे केलं तिने लग्नच केलं नाही, आणि बरं केलं. मोख्तार, तू म्हणालास या घरात पुरुषमाणूस नाही. नाहीच. कधीपासून नाही ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. तू स्फाक्सला बसून उंटावरून शेळ्या हाकल्यास, मी इथे पोरं वाढवली. आणि मला कोणी टाकलेलं नाही. टाकायची असते ती कचऱ्याची पिशवी. मी इथे उभी आहे, माझ्या घरात, माझ्या पायांवर. एक पाय जरा दुखतो.

मग मी हातेमला म्हटलं, "आता बंद कर आणि माहदियाच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाक." तो म्हणाला, "सगळ्यांच्या?" मी म्हटलं, "मामाला सगळ्यांनाच पाठवायचं होतं ना?" मामाने काठी उचलली. कुसकुस निम्मं ताटात, फळं कापलेली तशीच. दारात थांबून म्हणाला, "बेया, तू तोंड काळं करून घेतलंस." मी म्हटलं, "जिना जपून उतर, लिफ्ट बंद आहे." तेलाचा डबा विसरून गेला. मी परत पाठवणार नाही. तेल चांगलं आहे.

हातेम उठला आणि सगळी भांडी घासायला लागला, ज्याने आयुष्यात कप विसळला नाही तो. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिले. एक पातेलं तो कितीतरी वेळ घासत होता. मग म्हणाला, "म्हणजे बाबांनी पाठवलेला तो फुटबॉलही तूच आणलेलास?" मी म्हटलं, "हो. आणि फार महाग होता." तो हसायला लागला. हसता हसता त्याने डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं, साबणाचे हात हवेत धरून, एवढा मोठा बाप्या. तोवर घरी गेलेली तावूस पलीकडून भिंतीवर थाप मारून म्हणाली, "रडताय की हसताय? मी येऊ का?"

आणि ग्रुपवर काय झालं ऐक. मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. मग माहदियाच्या आमच्या ममियाआत्यांचा, त्यांची नव्वदी आलीय आता, आवाज आला. नात फोन धरून बसली असणार. म्हणाल्या, "अगं बेया, आम्हाला माहीतच होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. तुला सांगायचं नव्हतं म्हणून आम्ही विचारलं नाही. दरवेळी तू आलीस की आम्ही पोरांना आधी दम द्यायचो, ताहरचं नाव काढाल तर याद राखा." एमना, मी तशीच खुर्चीवर बसले. इतकी वर्षं मी ज्यांच्यापासून लपवत होते ते माझ्यासाठी माझ्यापासूनच लपवत होते. त्या मागोमाग चुलत्यांचे, वहिनींचे निरोप आले. कोणी लिहिलं, शाबास. कोणी लिहिलं, हे आता कशाला. एका वहिनीने विचारलं, मालिका तिकडे कोणत्या वारी असते. आभाळ आहे तिथेच आहे.

आता तिसरा भाग. ज्यामुळे माझे डोळे सुजले. मालिकेतली ती मुलगी आठवून सांगते, "मी दहा वर्षांची होते आणि बाबांनी ट्युनिसहून सपाता पाठवल्या होत्या." लाल, जरीच्या. आई पेटी उघडते, "बघ, बाबांनी पाठवल्या!" मुलगी सपात पायात घालायला उलटी करते, आणि तळाला लेबल असतं, इथल्याच बेलसन्सच्या कोपऱ्यावरच्या दुकानाचं. इथे लोक हसतात, मी ऐकलं, टीव्हीतले लोक हसले, तावूसही खो खो हसली. मग ती मुलगी आईकडे बघते. आईची पाठ आहे. आणि मुलगी नखाने ते लेबल हळूच खरवडून काढते, गोळी करते, आणि तोंडात टाकून गिळते. मग पळत येऊन म्हणते, "आई, ट्युनिसच्या सपाता किती मऊ असतात!" तिथे मी टीव्ही बंद केला. त्या सपाता मी आणल्या होत्या, शाळेतल्या कामावरून सुटल्यावर, बस सोडून चालत जाऊन. पेटीवरचं लेबल मी काढलं होतं. तळाचं राहिलं. मला ते तोवर ठाऊक नव्हतं. म्हणजे तुला माहीत होतं. दहा वर्षांची असल्यापासून. मी तुझ्यासाठी खोटं बोलत होते आणि तू माझ्यासाठी ते गिळत होतीस. आणि मोठी होऊन लिहायला बसलीस तेव्हाही तू त्याला पळून गेलेला दाखवला नाहीस, एक गबाळा, भला माणूस दाखवलास, जो नेहमी वाटेत कुठेतरी अडकतो. लोक हसावेत आणि माझी झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून. मी त्या संध्याकाळी शरमेने रडले नाही. मला एवढंच वाटत होतं की त्या छोट्या पोरीला टीव्हीतून ओढून बाहेर काढावं आणि म्हणावं, थुंक ते. थुंक, बाळा, पोटात दुखेल.

आणि आता मुद्दा, ज्यासाठी गुडघा आणि चष्मा दोन्ही सांभाळत मी इतकं लिहिलं. काल हातेमने मला सगळं सांगितलं. चॅनेलवाल्यांना दुसऱ्या पर्वाच्या शेवटी बाबांना आणायचंय. बेल वाजते, बाबा दारात, हातात बॅग, सगळ्यांच्या मिठ्या, आणि त्याच मिठीत तुझ्या नायिकेलाही एक नवरा मिळतो. तू त्यांना गुरुवारी सांगणार आहेस की मी लिहीत नाही, दुसऱ्या कोणाला द्या; कारण खोटं तुला लिहवत नाही आणि खरं लिहिलंस तर आई कोलमडेल. पोरी, आई कोलमडली नाही. आईने ते सगळ्यांसमोर, फोनवर, चांगल्या उजेडात सांगितलंय, आता लपवायला घरात काही उरलेलं नाही. तेव्हा गुरुवारी जा आणि म्हण, लिहीन, पण मीच लिहीन. त्याला आणू नकोस, एमना. विमानाने नाही, बोटीने नाही, पश्चात्ताप करून तर मुळीच नाही. हबीबाला फोन उचलू दे आणि एकदाचं सांगू दे, तो येणार नाही, जेवून घ्या. लोक हसले तर हसू देत, नाही हसले तर तू चमचा हातात धरून पुन्हा लिही. त्या मुलीचं लग्नही लावू नकोस चॅनेलच्या सोयीसाठी. एकटी बाई म्हणजे अर्धी गोष्ट असं त्यांना वाटत असेल तर मला त्यांच्या हापिसात घेऊन चल, मी बोलते. मालिका त्यांनी बंद केली तर माझा सोफा आहे तिथेच आहे, आणि मी बोलणारही आहे तेवढंच. आणि गुरुवारनंतर घरी ये. आलीस की खाली बेलवर आपलं जुनं आडनाव शोधत बसू नकोस, हातेमने आज ती पाटी बदलली. तिथे आता माझं माहेरचं नाव आहे, बेया ग्रीबी, मोठ्या अक्षरांत. वरून तिसरी बेल. जोरात दाब, जरा अडकते.

तुझीच आई,
बेया ग्रीबी